रानम्हशी शेवटच्या दोन-चार उरायची वाट बघू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

प्राणीसंग्रहालयात पिल्लू जन्मलं की पेपरात फोटो येतो, नाव काय ठेवणार तेही येतं, वाचायला बरं वाटतं. पण त्याचे आईबाप एकाच रक्ताचे तर नाहीत ना आणि मोठं झाल्यावर ते जाणार कुठे, हे काही छापून येत नाही. दुसरीकडे हल्ली बरेच जण म्हणतात प्राणीसंग्रहालयं बंदच करून टाका, जनावरं जंगलात वाचवा. मला या दोन्ही लोकांना सुमात्रन गेंड्याचं काय झालं ते सांगायचंय, कारण त्यात आपल्या गडचिरोलीतल्या रानम्हशींसाठी शिकण्यासारखं खूप आहे.

हा सगळ्यात छोटा गेंडा, म्हणजे तरी सात-आठशे किलो, अंगावर केस, दोन शिंगं, पूर्वी आपल्या ईशान्य भारतातही होता. कलकत्त्याच्या अलीपूर प्राणीसंग्रहालयात १८८९ साली त्याचं पिल्लू जन्मलं होतं, तेव्हा तिथला कारभार रामब्रह्म सान्याल बघायचे, बंदिस्त जनावरं कशी सांभाळायची यावर त्यांनी १८९२ मध्ये पुस्तक लिहिलं, आपल्याकडच्या माणसाने त्या काळात केलेलं हे काम आज किती जणांना माहितीय? त्यानंतर तब्बल ११२ वर्षं जगात कुठल्याच प्राणीसंग्रहालयात या गेंड्याला पिल्लू झालं नाही.

प्रयत्न झाले नाहीत असं नाही. १९८४ पासून पुढच्या बारा वर्षांत जंगलातून ४० गेंडे पकडले, काही इंडोनेशिया-मलेशियात ठेवले, काही इंग्लंडला, सात अमेरिकेला गेले आणि त्यातले बहुतेक पिल्लू न होताच मेले. अमेरिकेत त्यांना वाळलेलं गवत घालत होते, आता हा प्राणी जंगलात झाडाचा ओला पाला ओरबाडून खाणारा, त्याला गवत कसं चालणार? तिथल्या सिनसिनाटी प्राणीसंग्रहालयातला इपुह नावाचा नर तर उठेनासा झाला होता, मग सॅन दिएगोहून विमानाने फायकसचा म्हणजे वड-उंबराच्या जातीचा पाला मागवला तेव्हा तो खायला लागला आणि जगला.

पुढचं तर आणखी अवघड. नर-मादी एकत्र सोडले की भांडून एकमेकांना जखमी करायचे, मादी माजावर कधी येते तेच कळत नव्हतं. सिनसिनाटीत टेरी रॉथ या शास्त्रज्ञ बाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एमी नावाच्या मादीची सोनोग्राफी परत परत केली, रक्त तपासलं, तेव्हा लक्षात आलं की नर लागल्याशिवाय हिच्यात बीजच सुटत नाही, म्हणजे नेमका दिवस ओळखून तेवढ्यापुरतंच दोघांना एकत्र सोडायचं. त्यानंतरही एमी पाच वेळा गाभडली. सहाव्या वेळी हार्मोन देऊन गर्भ टिकवला आणि सप्टेंबर २००१ मध्ये अंदालास जन्मला. गंमत म्हणजे पांढऱ्या गेंड्याचं याच्या अगदी उलटं, त्याला कळप लागतो. सॅन दिएगोत मांधला नावाचा नर एका मादीबरोबर कित्येक वर्षं होता, काहीच झालं नाही, मग सफारी पार्कात आफ्रिकेतून वीस गेंडे आणले, त्यांच्यात त्याला सोडल्यावर नव्या माद्यांना पिल्लं व्हायला लागली. दोन्ही गेंडेच, पण एकाची रीत दुसऱ्याला लावली तर हात हलवत बसावं लागतं, आणि हे जंगलात नुसतं लांबून बघून कळलं नसतं, म्हणून मी प्राणीसंग्रहालयं बंद करा म्हणणाऱ्यांच्या बाजूचा नाही.

अंदालासला २००७ मध्ये इंडोनेशियात सुमात्रातल्या वाय कांबासच्या गेंडा अभयारण्यात नेलं, तिथे २०१२ ला त्याचं पहिलं पिल्लू झालं, २०१६ ला मुलगी दलिला. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये दलिलालाही पिल्लू झालं, पण त्याचा बाप कोण, तर हारापान, अंदालासचा सख्खा भाऊ, म्हणजे तिचा चुलता. आपल्याकडे साधा शेतकरीसुद्धा त्याच कळपात जन्मलेला वळू त्याच कळपात ठेवत नाही, वेळेत बदलतो. त्या लोकांना हे कळत नाही असं नाही हो, पण दुसरा पर्याय किती उरला होता? जगात आता पन्नाससुद्धा नसावेत असा अंदाज आहे. मलेशियातला शेवटचा नर आणि शेवटची मादी दोन्ही २०१९ मध्ये गेले. ज्ञान हातात आलं तोवर जनावरं संपत आली होती, हेच सगळ्यात वाईट.

आता आपल्याकडे या. गडचिरोलीत कोलामार्काच्या जंगलात महाराष्ट्रातल्या शेवटच्या रानम्हशी आहेत, अगदी मोजक्या, पलीकडे छत्तीसगडच्या इंद्रावती व्याघ्र प्रकल्पात थोड्या. २०१३ मध्ये ते जंगल संवर्धन राखीव जाहीर झालं, चांगलंच झालं. पण शेजारच्या छत्तीसगडमध्ये उदंती अभयारण्यात काय झालं बघा, एकच मादी उरली, आशा, मग धावाधाव, हरियाणात कर्नालच्या दुग्ध संशोधन संस्थेत तिच्या पेशींपासून क्लोन म्हणजे हुबेहूब प्रत केली, डिसेंबर २०१४ मध्ये दीपाशा जन्मली, नंतर तिला रायपूरच्या जंगल सफारीत ठेवलं आणि आता ती रानम्हैस आहे की पाळीव मुऱ्हा जातीची यावरच वाद. मग आसामातल्या मानसहून म्हशी आणल्या, तर ते रक्त मध्य भारतातल्या म्हशींत मिसळावं का यावर दुसरा वाद. एवढा खटाटोप कशामुळे, तर उशिरा जाग आली म्हणून.

आपल्या रानम्हशींना बिबट्या-वाघापेक्षा गावच्या म्हशींचा धोका जास्त आहे, एक तर रक्त मिसळतं आणि दुसरं म्हणजे लाळ्या-खुरकूत. म्हणून आसपासच्या गावांत जनावरांचं लसीकरण नेमाने हवं, चराईबद्दल गावकऱ्यांशी बसून ठरवायला हवं, त्यांच्यावर लादून नाही. शेणाच्या नमुन्यावरून डीएनए तपासता येतो, जनावराला हातही लावायला नको, तेव्हा कुठली म्हैस शुद्ध, कुठली कोणाच्या नात्यातली याची नोंदवही आत्ताच सुरू करा. आणि छत्तीसगडबरोबर मिळून, जंगलातच मोठं कुंपण घालून, एक छोटा पण नात्यात नसलेला कळप वाढवायचा विचार आत्ता करा, पर्यटकांना दाखवायला नाही, वाढवून परत जंगलात सोडायला. गोरेवाडा प्राणीसंग्रहालयासारखी मोठी सोय आणि नागपूरला पशुवैद्यक कॉलेज राज्यात आहे, ती माणसं या कामाला जोडता येतील.

तुमच्या गडचिरोलीच्या वार्ताहराने वनखात्याला एवढं विचारावं ही विनंती: किती रानम्हशींची डीएनए तपासणी झालीय आणि छत्तीसगडशी यावर बोलणं सुरू आहे का? जे उत्तर मिळेल ते छापा.

आपला,
एक वाचक, चंद्रपूर