खाडी अडवून भात पिकवणारे लोक

महोदय,

तांदळाच्या निर्यातीवर आपल्याकडे नुकताच एक लेख छापून आला. पश्चिम आफ्रिकेतल्या लोकांना शेतीचे ज्ञान नाही, म्हणून ते आपल्या तांदळावर जगतात, असे त्यात एका वाक्यात लिहून टाकले आहे. ते वाक्य मला फार लागले. मी घणसोलीचा आगरी. आमची जमीन खारीची, खाडीच्या बांधाआतली. पुढे मी बोटीवर नोकरी धरली. आमची बोट तांदळाची पोती उतरवायला गिनी-बिसाऊ देशातल्या बिसाऊ बंदरात लागायची आणि परतीला काजूबी भरायची. माल उतरेपर्यंत बोट अडकून पडे, तेव्हा आसपासच्या गावांतली शेते मी पायी फिरून पाहिली आहेत.

देश लहान, 36,125 चौरस किलोमीटरचा. महाराष्ट्राच्या आठव्या हिश्शाहूनही थोडा कमी. किनारा सपाट असल्याने जेबा, मान्सोआ, काशेऊ या नद्यांतून भरतीचे पाणी पार आतवर घुसते. पाऊस जून ते ऑक्टोबर; दक्षिणेच्या तोंबाली भागात तो दोन हजार मिलिमीटरच्या वर जातो. काठाला तिवरांचे रान आणि चिखलात निवट्या, म्हणजे चिखलावर उड्या मारणारे मासे. ठाण्याच्या खाडीवर वाढलेल्या माणसाला तिथे परके वाटत नाही.

ही खाजणे, म्हणजे भरतीच्या पाण्याखाली जाणाऱ्या खाऱ्या जमिनी, अडवून तिथल्या बालांता जमातीचे लोक भात करतात. आधी खाडीच्या अंगाने चिखलाचा मोठा बांध घालायचा. आतली तिवरे तोडायची, उरलेली पाण्यावाचून मरतात. मग काही पावसाळे जमीन नुसती धुऊ द्यायची, मीठ उतरेपर्यंत. राब घराजवळच्या वरकस जमिनीत करतात आणि रोपे तयार झाली की बायका खाली आणून लावतात. बांधाच्या पोटात ताडाचे पोकळ खोड आडवे घातलेले असते. ओहोटीला बूच काढून जादा पाणी सोडायचे, भरती लागायच्या आत परत ठोकायचे. आमच्याकडे हेच काम उघाडीवर, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दारावर, चालायचे, आणि उधाणाच्या रात्री वडील कंदील घेऊन तिथेच बसायचे.

त्यांचे मुख्य हत्यार केबिंदे. माणसाहून लांब दांडा, पुढे लाकडाचे लांबट पाते आणि पात्याच्या कडेला लोखंड. एका म्हाताऱ्याने ते माझ्या हातात दिले. दांडा मांडीवर टेकवून जोर केला तरच ओल्या मातीचा लपका निघतो आणि वरंब्यावर पालथा पडतो. मी दमलो, तो मात्र ओळीने वरंबे ओढत गेला. बांधाची अवजड कामे एका वयाची तरणी पोरे मिळून करतात. वर राजा नाही, पाटील नाही. गावातले वडीलधारे बसून ठरवतात.

खाजणाच्या मातीत गंधक असते. ती पुरती वाळली की आंबते, म्हणजे आम्लधर्मी होते, आणि पीक करपते. म्हणून कापणीनंतर तिथले शेतकरी खारे पाणी मुद्दाम आत घेतात आणि पहिल्या पावसात पुन्हा धुऊन काढतात. शेजारच्या सेनेगलमध्ये, कासामान्स भागात, 1980 च्या दशकात सरकारने नवे बंधारे बांधून खारे पाणी रोखले, तेव्हा काही ठिकाणी जमिनी आंबून पडीक झाल्या. मग ज्ञान कोणाकडे होते?

हे ज्ञान जुने आहे. आशियातल्या भाताहून वेगळी अशी भाताची एक स्वतंत्र जात नायजर नदीच्या खोऱ्यात सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी पिकाखाली आली. या किनाऱ्यावरचे लोक बांध घालून रोपांची लावणी करतात, हे केप व्हर्दे बेटांवरचा व्यापारी आंद्रे आल्व्हारेस द आल्मादा याने 1594 साली लिहून ठेवले आहे. बालांता मात्र आधी वरच्या जमिनीत कोनफळासारखे कंद लावत. गुलामांच्या व्यापारामुळे किनाऱ्यावर लोखंड आले, त्या लोखंडाने पाती मढवली आणि मग त्यांची भातशेती वाढली. त्या लोखंडाची किंमत माणसांत मोजली गेली, हेही विसरून चालणार नाही.

मग आज तांदूळ बाहेरून का येतो? 1963 ते 1974 पोर्तुगिजांविरुद्ध लढाई चालली. तिचे पुढारी अमिल्कार काब्राल स्वतः कृषितज्ज्ञ होते. 1953 साली देशाची शेतीगणना त्यांनीच गावोगाव फिरून केली होती. जानेवारी 1973 मध्ये त्यांचा खून झाला. बालांता शेतकरी या लढाईत मोठ्या संख्येने होते आणि त्यांच्या शेतांवर बॉम्ब पडले. डागडुजीला माणूस नाही, त्यामुळे बांधांना खांडी (भगदाडे) गेल्या त्या गेल्याच. त्याच सुमारास वर्षानुवर्षे पाऊस हटला. मग काजू आला. आज देशाची बहुतेक निर्यात काजूबीची आहे, तिचा मोठा भाग आपल्याच देशात येतो, आणि शेतकरी बी देऊन परदेशी तांदूळ घेतो. काजूचा भाव पडला की त्याच बीला तांदूळ कमी मिळतो. तरणी पोरे बिसाऊला, लिस्बनला निघून जातात. बांध चार म्हाताऱ्यांनी राखता येत नाही.

हे सगळे मला कळते, कारण आमचेही बांध गेले. 1970 नंतर नवी मुंबईसाठी जमिनी घेतल्या. 1984 च्या जानेवारीत उरणच्या आंदोलनात पाच माणसे गोळीबारात गेली, तेव्हा कुठे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत मिळायचा मार्ग खुला झाला. खाऱ्या पाण्यात तग धरणारा आमचा लाल तांदळाचा राता भात आता ताटात दिसत नाही. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने खारीसाठी भाताचे वाण काढले, पण आमच्या गावात ते लावायला शेतच उरले नाही.

संपादकसाहेब, त्या वाक्याची दुरुस्ती छापा आणि गिनी-बिसाऊच्या या शेतीवर एक सविस्तर लेख नकाशासह द्या. दुसरी विनंती गावची. घणसोली, गोठिवली, तळवली इथे बांधावर राबलेली, रहू (मोड आणलेले भाताचे बी) पेरलेली, उघाडी सांभाळलेली माणसे अजून आहेत, पण सगळी ऐंशीच्या घरातली. कोणत्या खाडीला कोणाचा बांध होता, खांड कशी बुजवायची, हे त्यांना तोंडपाठ आहे. आपला बातमीदार पावसाळ्याआधी पाठवा. मी त्याला घरोघरी घेऊन जाईन.

आपला,
एक निवृत्त खलाशी,
घणसोली गाव, नवी मुंबई