तयार डेकमधली हुकमी पाने कोणती?

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या गेल्या रविवारच्या पुरवणीत सुट्टीतल्या खेळांवर जो लेख आला होता, त्यात ‘मॅजिक : द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळाला चांगले दोन रकाने मिळालेले पाहून मला मनापासून बरे वाटले. रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने रचलेला आणि १९९३ साली अमेरिकेत विक्रीला आलेला हा खेळ आता इंदूरला, रामबागेतल्या आमच्या जेवणाच्या टेबलापर्यंत येऊन पोहोचला आहे. आणि शाळेत गणित शिकवण्यात उभी हयात गेलेली माझ्यासारखी बाई सत्तरीला टेकल्यावर नातवाच्या संगतीने त्याच्या नादी लागली आहे. तेव्हा हे पत्र तक्रारीचे असले, तरी ती घरच्या माणसाने करावी तशी आहे, असे समजून वाचावे.

लेखकाने ‘ड्रॅकोनिक डिस्ट्रक्शन’ हा २०२२ साली निघालेला नवशिक्यांसाठीचा तयार डेक, म्हणजे आधीच जुळवून विकायला ठेवलेली पत्त्यांची गड्डी, निवडला, हे उत्तमच झाले. मात्र त्यातली ‘हुकमी पाने’ म्हणून जी पाच नावे त्यांनी दिली, ती पाचही पंख पसरलेल्या मोठमोठ्या ड्रॅगनांची आहेत आणि प्रत्येकासमोर त्याचा बाजारभाव छापला आहे. माझा आक्षेप नेमका इथेच आहे. पान किती देखणे आहे आणि बाजारात कितीला जाते, यावरून ते डावात किती उपयोगी पडेल हे ठरत नाही. तयार डेकच्या बाबतीत तर बहुधा उलटेच असते. आपल्या मेंढीकोटातसुद्धा हुकमाची दुर्री परक्या रंगाच्या एक्क्याला खाते, हे ज्यांनी लहानपणी चटके बसून शिकून घेतले आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

आधी एक दुरुस्ती. लेखात हा डेक ‘साठ पानांचा’ असल्याचे छापले आहे. साठ पानांचा आणि एकेका पानाच्या चार प्रतींपर्यंत मुभा देणारा प्रकार या खेळात आहे, परंतु हा डेक ‘कमांडर’ या प्रकारासाठी बांधलेला आहे. त्यात बरोबर १०० पाने असतात. साध्या जमिनी, म्हणजे इतर पाने खेळण्याची शक्ती पुरवणारी आणि ज्यांना मुले ‘बेसिक लँड’ म्हणतात ती पाने सोडली, तर कोणतेही पान दुसऱ्यांदा येत नाही. शंभरांपैकी एक पान सेनापतीचे. ते गड्डीत न पिसता सर्वांसमोर बाजूला ठेवलेले असते आणि पुरेशी ‘माना’, म्हणजे पाने खेळण्यासाठी लागणारी शक्ती, जमली की आपल्या पाळीला केव्हाही खेळता येते. सामान्यतः चार भिडू बसतात, प्रत्येकाच्या गाठी ४० प्राण असतात, आणि एकाच सेनापतीच्या हल्ल्यांतून एखाद्याला २१ घाव लागले की त्याचे प्राण कितीही शिल्लक असोत, तो बाद होतो. नियम आणखी पुष्कळ आहेत, पण माझ्या मुद्द्यापुरते एवढे पुरेत.

आता हिशेब पाहू. सेनापती वगळता गड्डीत ९९ पाने उरतात आणि सुरुवातीला हातात सात येतात. म्हणजे लेखकाने पहिल्या क्रमांकावर ठेवलेला ‘ड्रॅकुसेथ’ हा ड्रॅगन सुरुवातीच्या हातात असण्याची शक्यता ९९ पैकी ७, जवळजवळ ७ टक्के. प्रत्येक पाळीला एक पान उचलत गेल्यावर आठव्या पाळीपर्यंत आपण १५ पाने पाहिलेली असतात, तरीही तो दिसण्याची शक्यता जेमतेम १५ टक्के होते. याचा अर्थ असा की, जे पान डेकचे भूषण म्हणून छापले आहे, ते सात डावांपैकी सहा डावांत आठव्या पाळीपर्यंत तोंडच दाखवणार नाही. आले, तरी ते खेळायला सात माना लागतात आणि, मानांना रंग असल्यामुळे, त्यांतल्या तीन लालच असाव्या लागतात. एका पाळीला एकच जमीन मांडता येते आणि साधी जमीन दर पाळीला एकच माना देते, हे लक्षात घेतले की सातव्या पाळीपूर्वी हा पाहुणा दारातच उभा राहतो. तो शक्तिशाली नाही, असे माझे म्हणणे नाही. हल्ला करताना एकाला चार आणि आणखी दोघांपर्यंत प्रत्येकी तीन घाव देणारे ते पान आहे आणि मैदानात उतरले की समोरच्यांची तारांबळ उडते; पण ते उतरणार कसे, हा प्रश्न लेखात कुठेच विचारलेला नाही.

उलट बाजूने पाहू. डेकमध्ये माना वाढवणारी समजा दहा पाने धरली, तर त्यांपैकी निदान एक तरी सुरुवातीच्या सात पानांत असण्याची शक्यता सुमारे ५४ टक्के येते आणि आठव्या पाळीपर्यंत ती ८२ टक्क्यांवर जाते. कागद-पेन्सिल घेऊन कोणीही हे ताडून पाहावे; अकरावीच्या पुस्तकातल्या संभाव्यतेपलीकडचे त्यात काही नाही. म्हणून माझ्या मते या डेकची पहिली हुकमी पाने म्हणजे ‘सोल रिंग’, ‘आर्केन सिग्नेट’ आणि ‘ड्रॅगनलॉर्ड्स सर्व्हंट’ ही तीन, ज्यांच्याकडे पाकीट उघडणारे मूल ढुंकूनही पाहत नाही.

‘सोल रिंग’ ही १९९३ च्या अगदी पहिल्या संचातली अंगठी आहे. एक माना देऊन ती मांडायची आणि पुढे प्रत्येक पाळीला तिच्याकडून दोन माना घ्यायच्या. दुकानात एक रुपया देऊन दर दिवशी दोन रुपये परत मिळावेत, असा हा व्यवहार आहे. हे पान इतके जबर आहे की ‘लेगसी’ या जुन्या पानांच्या प्रकारात त्याला बंदी आहे आणि ‘व्हिंटेज’मध्ये त्याची एकच प्रत ठेवता येते. कमांडरमध्ये मात्र ते खुशाल चालते. ‘आर्केन सिग्नेट’ हे २०१९ मध्ये आलेले पान दोन मानांत मिळते आणि सेनापतीच्या, म्हणजे इथे लाल आणि हिरव्या, रंगांपैकी हवा तो रंग पुरवते. ‘सर्व्हंट’ तर दोन मानांचा एक किरकोळ अंगाचा गोब्लिन सेवक. त्याचे काम एवढेच, की आपला प्रत्येक ड्रॅगन त्याच्यामुळे एका मानेने स्वस्त होतो.

ही तीन पाने एकत्र आली तर काय होते, ते पाहा. पहिल्या पाळीला जमीन आणि अंगठी. दुसऱ्या पाळीला दोन जमिनी आणि अंगठी मिळून चार माना, त्यांत सेवक आणि सिग्नेट दोन्ही बसतात. तिसऱ्या पाळीला तीन जमिनींच्या तीन, अंगठीच्या दोन आणि सिग्नेटची एक अशा सहा माना झाल्या. सेनापती ‘अटार्का’ ही सात मानांची, पण सेवकाच्या कृपेने तिचे सहाच पडतात. म्हणजे जी एरवी सातव्या पाळीला आली असती, ती तिसऱ्याच पाळीला मैदानात. असा योग वरचेवर जुळत नाही, हे मलाही कळते. पण तिघांपैकी एकटी अंगठी पहिल्या पाळीला आली, तरी अटार्का पाचव्या पाळीला उतरते, आणि चार भिडूंच्या डावात दोन पाळ्यांची आघाडी म्हणजे काय, हे खेळणाऱ्यालाच ठाऊक.

हे मी केवळ गणिताच्या जोरावर सांगत नाही. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत नातवाने हाच डेक एका विक्रेत्याकडून वापरलेला म्हणून कमी किमतीत घेतला. ‘मोठे ड्रॅगन सगळे जागेवर आहेत, काळजी करू नका,’ असे त्याला सांगण्यात आले आणि ते खरेही होते. घरी आल्यावर मी पाने मोजली तर ९७ भरली. गेलेली तीन पाने कोणती, हे शोधायला आम्हाला अर्धा तास लागला: अंगठी, सिग्नेट आणि ‘कमांड टॉवर’ ही दोन्ही रंग देणारी जमीन. ज्याने ती काढून घेतली, त्याला डेकमधले मोल कशात आहे हे आपल्या लेखकापेक्षा चांगले कळत होते, असे म्हणणे भाग आहे. त्यांच्या जागी साध्या जमिनी घालून आम्ही खेळायला बसलो. हातात दोन जमिनी आणि पाच ड्रॅगन असा हात घेऊन नातू अडून बसला. पुढच्या पाच पाळ्यांत त्याला आणखी एकच जमीन मिळाली. पाळी संपताना हातात सातपेक्षा जास्त पाने ठेवता येत नाहीत, असा नियम आहे, त्यामुळे त्याला एक पान टाकणे भाग पडले, आणि त्याने ओठ दाबून टाकले ते पान होते ड्रॅकुसेथ. माझ्या साध्या सैनिकांनी त्याचे प्राण संपवले तेव्हा त्याच्या हातात चार ड्रॅगन होते.

लेखकाच्या यादीतले एक नाव मात्र मला मान्य आहे, ते म्हणजे ‘सॅव्हेज व्हेंटमॉ’. सहा मानांचा हा ड्रॅगन हल्ल्याला निघाला की तीन लाल आणि तीन हिरव्या अशा सहा माना मोकळ्या करतो आणि त्या पाळीच्या शेवटापर्यंत टिकतात. सेनापती मारला गेल्यावर त्याला परत आणताना दर खेपेला दोन माना जास्त मोजाव्या लागतात. अटार्का एकदा पडली की तिचे सातचे नऊ होतात. त्यांतल्या सहा व्हेंटमॉने दिल्या की खिशातून तीनच काढायच्या. हे पान मोठे आहे आणि कामाचेही आहे, परंतु लेखात त्याचे कारण ‘भेदक रूप’ असे दिले आहे, तेव्हा उत्तर बरोबर असूनही मी त्याला गुण देऊ शकत नाही.

आणि स्वतः अटार्काचे नाव यादीत नाही, याचे तर नवल वाटते. ती ६ बळाची, उडणारी, आणि हल्ल्याला निघालेल्या प्रत्येक ड्रॅगनला दुहेरी घाव देणारी आहे. म्हणजे अडवणारा कोणी नसेल तर एका हल्ल्यात १२ आणि दोन हल्ल्यांत २४. सेनापतीच्या २१ घावांचा नियम वर सांगितलाच आहे. शिवाय ती गड्डीत नसून समोर ठेवलेली असल्यामुळे तिला टक्केवारी लागू होत नाही. प्रत्येक डावात खात्रीने हाताशी असणारे या डेकमधले हे एकमेव पान आहे.

राहिला बाजारभावाचा प्रश्न. २०१३ च्या ‘माइंड सीझ’ या तयार डेकमध्ये ‘ट्रू-नेम नेमेसिस’ नावाचे एक पान निघाले. ज्या खेळाडूचे नाव घ्याल, त्याला ते हातच लावू देत नाही. दोघांच्या लेगसी खेळात ते इतके गाजले की लोकांनी त्या एका पानासाठी डेक उचलले आणि उरलेल्या ९९ पानांकडे पाहिलेही नाही. चौघांच्या कमांडरमध्ये मात्र त्याची धार तेवढी राहत नाही, कारण उरलेले दोघे मोकळेच असतात. दुसरे उदाहरण २०१९ च्या ‘मिस्टिक इंटलेक्ट’ डेकमधल्या ‘डॉकसाइड एक्स्टॉर्शनिस्ट’चे. दोन मानांच्या या गोब्लिनची किंमत पुढे डेकच्या मूळ किमतीलाही मागे टाकून गेली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये कमांडरमध्ये त्याच्यावर बंदी आली. भाव पाहून पान घेणाऱ्यांच्या हाती काय राहिले असेल, याचा अंदाज करता येतो.

माझ्या माहेरी सावंतवाडीची दशावतारी गंजिफा होती, १२० गोल पानांची. तिच्यातल्या आकड्यांच्या पानांत अर्ध्या रंगांत एक्का वरचढ आणि अर्ध्या रंगांत दहावे पान. त्यामुळे नुसते आकड्याकडे पाहून पानाची किंमत सांगणाऱ्याला आजोबा खेळायला घेत नसत. त्या गंजिफेची आठवण मला या डेकपाशी बसल्यावर वारंवार होते.

तेव्हा पुढील अंकात साठ पानांची चूक दुरुस्त करावी आणि अशी यादी पुन्हा द्यायची झाल्यास प्रत्येक पानासमोर बाजारभावाऐवजी ते किती मानांचे आहे, हे छापावे, एवढी विनंती आहे. गहाळ झालेली तीन पाने नातवाने त्याच्या मित्रांकडून बदलून मिळवली आहेत. ड्रॅकुसेथ त्याने अजून डेकमध्येच ठेवला आहे, चित्र आवडते म्हणून; त्याला माझी हरकत नाही.

आपली नम्र,
एक निवृत्त गणित शिक्षिका
रामबाग, इंदूर