नेपाळमार्गे येणारं तेल अन् लातूरचं सोयाबीन

संपादक साहेब,

सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रानं कच्च्या खाद्यतेलावरचं आयात शुल्क सेसबिस धरून २७.५ टक्के आणि रिफाइंडवर ३५.७५ टक्के असं वाढवलं तेव्हा आमच्याकडं सगळ्यांना वाटलं की आता तरी सोयाबीन त्या हंगामाच्या हमीभावाला, म्हणजे क्विंटलला ४८९२ रुपयांना टेकेल. कसलं काय! साफ्टा करारात, म्हणजे दक्षिण आशियातल्या देशांच्या मुक्त व्यापार करारात, नेपाळचं तेल इकडं शून्य शुल्कानं येतं हे कुणी बोललंच नाही. आता नेपाळात सोयाबीन पिकतं तरी किती हो? तिथले कारखाने अर्जेंटिना ब्राझीलचं कच्चं तेल मागवतात, ते उतरतं आपल्याच कोलकात्याकडच्या बंदरांत, मग टँकरनं नेपाळ, तिथं रिफाइन होऊन परत आपल्याकडं, म्हणजे आपण शुल्क जेवढं वाढवू तेवढा या फेऱ्याचा नफा वाढणार. मूल्यवर्धनाची अट, म्हणजे मालाच्या किमतीत तिथं ठरावीक भर पडलीच पाहिजे ही अट, कागदावर आहे, ती तपासतंय कोण?

पुढं मे २०२५ मध्ये कच्च्या खाद्यतेलाचं शुल्क कमी करून १६.५ टक्क्यांवर आणलं. रिफायनरीवाले खूश, गिऱ्हाईकालाही दिलासा, मान्य. पण शेतकऱ्याचं काय? आडतीवर मशीननं ओलावा १२ टक्क्यांच्या वर दाखवला की लगेच कटती, म्हणजे पैशांत कपात, हमाली तोलाई वेगळी, आणि हातात येणारी हिशोबाची पट्टी बघून माणूस गप्प.

शेजाऱ्याशी व्यापार नकोच असं माझं म्हणणं नाही, पण नेपाळमार्गे येणाऱ्या तेलाला वर्षाचा कोटा ठरवा आणि शुल्क बदलायचं तर पेरणीआधी सांगा.

एक सोयाबीन उत्पादक, जि. लातूर