आई-बाबा, ते पाण्याचं मशीन कपाटात ठेवू नका

ती. आई-बाबांस, सा. न. वि. वि.

फोनवर हे सगळं सांगायला लागले की बाबा "बरं बरं" म्हणून फोन तुझ्याकडे देतात आणि तू म्हणतेस आमटी उतू जातीय, म्हणून लिहूनच पाठवतेय. मध्यंतरी कुरियरने आलेला पांढरा खोका अजून फोडला नाही हे मला माहितीये, शेजारच्या काकूंनी सांगितलं. त्यात दातांचं मशीन आहे, वॉटर फ्लॉसर म्हणतात, पाण्याच्या बारीक धारेने दातांच्या फटीत अडकलेलं काढतं. परत पाठव म्हणू नका, परत करायची मुदत संपेपर्यंत मी मुद्दामच गप्प बसले होते.

हे डोक्यात कधी आलं सांगू का, दिवाळीत. बाबा, तुम्ही कडक भाकरी आमटीत बुडवून, मऊ करून, डाव्या बाजूने चावत होतात. ज्या माणसाने आयुष्यभर कडक भाकरी आणि शेंगा चटणी कुडुम कुडुम खाल्ली, आम्हाला "दात कशाला दिलेत देवानं" म्हणून चिडवलं, तो माणूस! आणि जेवण झाल्यावर पाठ करून उभं राहून सेफ्टी पिनने उजव्या ब्रिजखाली, म्हणजे पडलेल्या दाताच्या जागी शेजारच्या दातांना जोडून बसवलेल्या पक्क्या दाताखाली, कोरत होतात. मला दिसलं, मी बोलले नाही, पण पुण्यात आल्यावर दोन दिवस तेच डोक्यात. शेंगदाण्याचा तो बारीक कूट ब्रिजखाली जाऊन बसतो, ब्रश तिथे पोचत नाही, चूळ भरून निघत नाही आणि दोऱ्याचा फ्लॉस तिथून नुसता ओवता येत नाही, त्याला वेगळी सुईसारखी ओवणी लागते, ती तुमच्याच्याने होणार नाही आणि खरं सांगू तर माझ्याच्यानेही होत नाही. पिन मात्र आजपासून बंद. हिरडीला जखम झाली तर रक्त पातळ करायच्या गोळीमुळे थांबायला वेळ लागतो.

आई, तू म्हणशील ह्यांच्या दाताचं ठीकय, मला कशाला. तुझी शुगर. हिरड्या सुजलेल्या राहिल्या तर शुगर आवरत नाही आणि शुगर वाढली की हिरड्या आणखी बिघडतात, दोन्ही एकमेकांना ओढतात. ब्रश करताना रक्त येतं ते तू दोन वर्षं "उष्णता झालीय" म्हणून गुलकंदावर काढलीस.

आता घेताना काय बघितलं ते, कारण बाबा बिल बघून विचारणारच. ह्यात दोन प्रकार येतात. एक बेसिनशेजारी ठेवायचं, मोठ्या टाकीचं, वायरवालं. ते ताकदीचं असतं, अर्धा लिटरच्या वर पाणी मावतं, पण आपलं बेसिन पॅसेजमध्ये, जवळ प्लग नाही, आणि एक्स्टेंशनची वायर ओल्या फरशीवरून नेलेली मला चालणार नाही. म्हणून बिनवायरचं, चार्जिंगवालं. त्यातही एक घडी होणारं छोटुसं येतं, प्रवासाला भारी दिसतं, पण टाकी दीडशे मिलीच्या आसपास, अर्धं तोंड झालं की पाणी संपलं, परत भरा. उलट तीनशेवालं भरलं की जड, आई तुझी बोटं सकाळी आखडलेली असतात, मी मैत्रिणीकडचं हातात धरून बघितलं आणि नाही म्हटलं. हे मधलं आहे, दोनशेच्या थोडं वर. झाकण मोठं आहे, आत दोन बोटं घालून पुसता येतं, ते नसेल तर आत बुरशी धरते आणि कळतही नाही. बटणं दोनच.

जाहिरातीत एवढा प्रेशर तेवढा पीएसआय (पाण्याचा दाब मोजायचं माप) असं ओरडून लिहिलेलं असतं, तिकडे मी लक्षच दिलं नाही. तुम्हाला सगळ्यात कमीवरच चालवायचंय, मग वरचा आकडा घेऊन काय करायचाय. त्यापेक्षा सुट्या नॉझल, म्हणजे धार येते त्या टोकाच्या नळ्या, मिळतात का आणि वॉरंटी देणारा माणूस फोन उचलतो का हे बघितलं, कारण माझं पहिलं मशीन, ऑनलाइन सेलमधलं स्वस्तातलं, चार महिन्यांत बंद पडलं आणि विकणाऱ्याने मेसेजला उत्तरसुद्धा दिलं नाही.

बाबा, तुमच्या आवडीची गोष्ट. हे प्रकरण अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या फोर्ट कॉलिन्स गावात १९६२ च्या सुमारास निघालं, एक डेंटिस्ट आणि त्याच्या जोडीला एक हायड्रॉलिक इंजिनिअर, म्हणजे तुमच्या पाटबंधारे खात्यातलाच माणूस म्हणा की. त्यातूनच वॉटरपिक कंपनी आली. आत छोटा पंप आहे, धार सलग येत नाही, मिनिटाला हजाराच्या वर ठोके देत येते, दाब-सोड दाब-सोड, त्यानेच फटीतलं सुटून बाहेर येतं. आणि पाण्याचं म्हणाल तर एका माणसाला एका वेळी पाव लिटरपेक्षा कमी. उजनी धरण कितीही भरलं तरी आपल्या नळाला चार-पाच दिवसाआड पाणी, हे मी विसरले नाहीये.

वापरायचं कसं हे नीट वाचा. मी पहिल्यांदा वापरलं तेव्हा आरशात बघत, तोंड उघडं ठेवून, हातात धरूनच बटण दाबलं. आरसा, ड्रेस, भिंतीवरचं कॅलेंडर, सगळं ओलं. तसं करू नका. पाणी कोमट घ्या, गार पाण्याने दात ठणकतात. नॉझल तोंडात घ्यायची, बेसिनवर वाकायचं, ओठ सैल मिटायचे, आणि मग बटण. पाणी आपोआप ओठांच्या कडेने खाली गळतं, गिळायचं नाही, साठवायचं नाही, लाळ गळते तसं गळू द्यायचं, लाजायचं नाही, कोणी बघत नाही. बंद करतानाही तसंच, आधी बटण मग नॉझल बाहेर, नाहीतर परत कॅलेंडर. आरशात बघू नका, जिभेला कळतं कुठे आहे ते.

धार दात आणि हिरडी जिथे भेटतात तिथे सरळ काटकोनात धरायची, खाली हिरडीत खुपसायची नाही. मागच्या दाढेपासून सुरू करून पुढे यायचं, प्रत्येक फटीशी दोन सेकंद थांबायचं. ब्रिजखाली जरा जास्त, आधी बाहेरच्या बाजूने, मग जिभेच्या बाजूने. पहिल्या दिवशी बेसिनमध्ये काय काय पडेल ते बघून बाबा स्वतःच मला फोन करतील, पैज.

बाबांच्या मानेला वाकून उभं राहणं झेपणार नाही. स्टूलवर बसा, मांडीवर टॉवेल, समोर ते जुनं स्टीलचं तसराळं धरा. हळद-कुंकवाला वाण म्हणून आलेलं, एवीतेवी कोणी वापरत नाही.

रात्री झोपताना एकदाच. आधी हे, मग ब्रश, म्हणजे पेस्ट दातांवर राहते, परत धुऊन जात नाही. आणि ब्रश सोडायचा नाही हं. दातांवरचा चिकट थर नुसत्या पाण्याने पूर्ण जात नाही, आणि जो कडक पिवळा थर झालाय तो तर ह्याने अजिबातच जाणार नाही, त्याला डेंटिस्टकडे जाऊन क्लीनिंगच. तुमच्या दोघांची गोळ्यांची यादी मी इथल्या डेंटिस्टला दाखवून विचारलंय, ती म्हणाली चालेल, पण सगळ्यात सॉफ्ट मोडवर. पहिले काही दिवस थोडं रक्त येईल, घाबरून बंद करू नका. पण जास्त आलं, किंवा दोन आठवडे झाले तरी थांबलं नाही, तर मला सांगा, "कशाला तिला उगाच" असं एकमेकांत ठरवू नका.

एक भानगड आहे ती आधीच सांगते. हे मशीन शेवटचा मोड लक्षात ठेवतं. बाबांना मोड बदलून बघायचा मोह होणार, मला माहितीये, आणि मग आईने लावलं की फाडकन लागणार आणि आई म्हणणार मला नको ते मशीन, संपला विषय. म्हणून बाबा, हात आवरा. नॉझल दोघांच्या वेगळ्या, निळी रिंग बाबांची, गुलाबी आईची. बदलाबदली नको. तीन-चार महिन्यांनी मी नव्या पाठवेन.

टाकीत बोअरचं पाणी घालू नका. आपल्या बादलीला जसा पांढरा थर बसतो तसा त्या सुईएवढ्या भोकात बसेल. आरओचं घ्या. मिठाचं पाणी, हळद, लवंग तेल, बाबांचं जे काय आयुर्वेदिक आहे ते, काहीही घालायचं नाही, मीठ पंप खातं. चूळ भरायला घ्या की हवं तेवढं, मशीनमध्ये नको. झालं की उरलेलं पाणी ओतून टाकी उघडी ठेवायची. महिन्यातून एकदा कोमट पाण्यात थोडं व्हिनेगर घालून बेसिनमध्ये चालवा आणि मागून साधं पाणी, ते मी आले की करेन नाहीतर.

चार्जिंग स्वयंपाकघरातल्या प्लगवर, पुसून कोरडं करून, रबराचं झाकण उघडून. ओलं असताना नाही. बाबांच्या नव्या फोनचा फास्ट चार्जर लावायचा नाही, जुन्या फोनचा साधा लावा. खोक्यावर ३० दिवस लिहिलंय ते एका माणसाचं, तुमचं दोघांचं पंधराएक दिवस धरा.

आज रात्री चार्जिंगला लावा. रविवारी नऊ वाजता व्हिडिओ कॉल करते, आई तू फोन धर, आधी बाबांची पाळी. आणि जानेवारीत हुरड्याला येतेय, मामांना सांगून ठेवा, शेंगा चटणी मात्र जाडसर कुटलेली हवी, बाबांसाठी वेगळी बारीक करायची नाही.

तुमची,
ताई