एका डॅशबद्दल आभार

आदरणीय मॅडम,

सविनय नमस्कार.

गेल्या महिन्यात पुण्यातील एका कंपनीच्या सायबर सुरक्षा विभागात मी रुजू झालो. तुम्हाला न विचारता हे पत्र उघड लिहितो आहे, कारण साताऱ्यातील आणखी काही मुलांनी ते वाचावे अशी इच्छा आहे. तुमचे नाव तेवढे लिहीत नाही, ते तुम्हाला खपणार नाही.

लॅबमध्ये पहिल्या दिवशी तुम्ही मला ‘बँडिट’ हा सायबर सुरक्षेचा फुकट खेळता येणारा सराव उघडून दिलात; त्यात आज्ञा टाइप करून पुढच्या पायरीचा पासवर्ड शोधायचा असतो. त्यात सुरुवातीलाच, पासवर्ड ज्या फाइलमध्ये होता तिचे नाव नुसते एक डॅश होते. मी ‘कॅट’ (फाइलमधला मजकूर दाखवणारी आज्ञा) लिहून पुढे डॅश दिला, तर पडद्यावर काहीच उमटेना, कर्सर नुसता लुकलुकत राहिला. तुम्ही मागे उभ्या राहून एवढेच विचारलेत, “अरे, ते अडकलंय, की तुझी वाट बघतंय?” एकट्या डॅशचा अर्थ ती आज्ञा ‘कीबोर्डवरून येईल ते वाच’ असा घेते, आणि फाइलच हवी असेल तर नावाआधी टिंब व तिरपी रेघ द्यावी लागते, हे उमगायला मला पाऊण तास लागला. उत्तर ठाऊक असून तुम्ही सांगितले नाहीत, याचा तेव्हा रागच आला होता.

पुढे पिकोसीटीएफ ही विद्यार्थ्यांसाठीची सायबर सुरक्षा कोड्यांची ऑनलाइन स्पर्धा झाली. वर्ल्डस्किल्स या तरुणांच्या आंतरराष्ट्रीय कौशल्य स्पर्धेत, २०१९ साली रशियातील कझानला ती झाली तेव्हापासून, सायबर सुरक्षा हा विषय आहे, त्यात दोघांची जोडी उतरते आणि वयाची कमाल अट बहुतेक कौशल्यांप्रमाणे २२ वर्षे नसून २५ आहे, हेही तुमच्याकडूनच कळले. तिथवर मी पोहोचलो नाही. पदक एकही नाही. पण प्रत्येक कोडे सुटल्यावर, आधी कुठे चुकलो ते वहीत लिहिल्याशिवाय तुम्ही पुढचे उघडू दिले नाहीत, आणि मुलाखतीत प्रमाणपत्रे बाजूला ठेवून अर्धा तास चर्चा झाली ती त्याच वहीवर. शेजाऱ्यांचा वायफाय ‘तपासून’ पाहण्याची माझी हौस तुम्ही जागीच मोडलीत, तेही बरे झाले. परवानगीवाचून केलेली ती तपासणी २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या विरुद्धच ठरली असती.

दिवाळीत घरी येईन तेव्हा ती वही लॅबसाठी घेऊन येतो. उत्तरांची पाने मात्र पिना मारून बंद केली आहेत.

आपला विद्यार्थी