तपासणी होते, थेरपी राहून जाते

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य
प्रत : मा. महिला व बालविकास मंत्री, मा. दिव्यांग कल्याण मंत्री

विषय : ठाणे जिल्ह्यातील सहा वर्षांखालील मुलांची वाचा, भाषा आणि विकासाची थेरपी

महोदय,

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्याच्या तपासणी पथकाची गाडी वर्षातून दोनदा अंगणवाडीच्या दारात येते. दोन आयुष डॉक्टर, औषधनिर्माता आणि एएनएम परिचारिका मुलं तपासतात, आणि न बोलणारं, हाकेला न वळणारं मूल बऱ्याचदा तिथंच लक्षात येतं. संदर्भचिठ्ठी लिहिली जाते. इथपर्यंत आमची फारशी तक्रार नाही. आढावा बैठकीत किती तपासली आणि किती संदर्भित केली, हे विचारलं जातं. चिठ्ठी मिळालेलं मूल तीन महिन्यांनी थेरपीला येतंय का, हेही आपण विचारावं, एवढ्यासाठी हे पत्र.

आपला जिल्हा म्हणजे सहा महापालिका आणि शहापूर-मुरबाडचे पाडे, दोन्ही. चिठ्ठीवर पत्ता असतो जिल्हा रुग्णालयाच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राचा, जिथं थेरपी मिळते. मुरबाडला रेल्वे नाही. एसटीने कल्याण, लोकलने ठाणं, पुढे रिक्षा, आणि रोजंदारीवरच्या आईचा एक खाडा. एक खाडा ती करते, दुसराही करते. पण ही थेरपी आठवड्यामागून आठवडे, वर्ष-दीड वर्ष चालते. चार खेपांनंतर मूल गळतं आणि खापर फुटतं पालकांच्या उदासीनतेवर. डिघा किंवा तुर्भ्याच्या आईला नवी मुंबई महापालिकेचं दिव्यांगांसाठीचं वाशीतलं ईटीसी केंद्र निदान गाठता तरी येतं. स्थानिक संस्था मनावर घेईल तर दिव्यांग मुलांसाठी स्वतःचं केंद्र चालवू शकते, हे त्यातून दिसतंच. बाकीच्या महापालिकांना ते का जमू नये, हे त्यांना विचारायला हवं.

अंतर कमी केलं तरी एक गणित उरतं. थेरपिस्टसमोर मूल आठवड्याला पाऊण तास बसतं. जागं असतं ते ऐंशीएक तास. म्हणून सगळं अवलंबून आहे ते घरच्या माणसाच्या हातात काय पडतं यावर.

नेमकं काय पडायला हवं, ते एका उदाहरणावरून सांगतो. अडीच वर्षांचं मूल आहे, शब्द नाही, हवं ते आईचा हात ओढून मिळवतं. घट्ट झाकणाच्या पारदर्शक बरणीत कुरमुरे भरायचे. आईनं जमिनीवर, मुलाच्या डोळ्यांच्या पातळीला बसायचं. चार दाणे द्यायचे, झाकण लावायचं आणि थांबायचं. मनात दहा आकडे मोजेपर्यंत काही बोलायचं नाही. सगळ्यात अवघड तेच, कारण मोठी माणसं दोन सेकंदांत ‘बोल ना, काय पाहिजे तुला?’ सुरू करतात. मुलानं बरणीकडून आईकडे नजर वळवली, हात पुढे केला, नुसतं ‘अं’ केलं, तरी ते मागणं धरायचं आणि ‘दे’ म्हणत लगेच चार दाणे द्यायचे. ‘दे’च्या जवळपासचा आवाज यायला लागला की आईनं एकच शब्द वाढवायचा : ‘अजून दे’. दिवसातून पाच-सहा वेळा, दोन-तीन मिनिटं पुरतात. मग हीच रीत आंघोळीला, चप्पल घालताना, पंखा लावताना. बिघडतं ते ‘आधी नीट बोल, मग देते’ असं अडून बसल्यावर. मूल रडतं, बरणी भिरकावतं, आणि दुसऱ्या दिवशी बरणी दिसली की तोंड फिरवतं. गिळायला त्रास असलेल्या मुलाला कुरमुरे अजिबात द्यायचे नाहीत. तिथं साबणाचे फुगे चालतात.

हे पत्रक वाटून शिकवता येत नाही. आईच्या शेजारी बसावं लागतं, तिला करू द्यावं लागतं, ती घाईनं बोलली की हलकेच थांबवावं लागतं. म्हणून आमची पहिली मागणी : शहापूरचं उपजिल्हा रुग्णालय, मुरबाडचं ग्रामीण रुग्णालय आणि प्रत्येक महापालिकेतली निवडक नागरी आरोग्य केंद्रं इथं दर पंधरा दिवसांनी ठरलेल्या वारी वाचा-भाषा थेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट बसावेत. वार बदलू नये. बदललेला वार आईला कळत नाही, आणि फुकट गेलेली एक खेप पुढच्या तीन बुडवते. त्या भागातल्या अंगणवाडी सेविकेनं महिन्यातून एकदा तरी या सत्राला बसावं. मधले दिवस घरी डोकावणारी तीच असते.

थेरपीच्या आधी कान. न बोलणाऱ्या प्रत्येक मुलाची श्रवणतपासणी झालीच पाहिजे, आणि पाठीमागून टाळी वाजवणं ही तपासणी नव्हे. मूल सावलीला वळतं, हवेच्या झुळकीला वळतं आणि ऐकू येत असल्याचा शेरा बसतो. जन्मानंतर एका महिन्यात चाळणी, तीन महिन्यांत निदान, सहा महिन्यांत श्रवणयंत्र व थेरपी, हा जगभर मानलेला क्रम आहे. नवजात शिशू अतिदक्षता कक्षातून घरी जाणाऱ्या बाळांची, विशेषतः कावीळ फार वाढलेल्यांची, केवळ ओएई चाचणी पुरत नाही. ओएई कानाच्या आतल्या पेशी तपासते. कान ठीक आणि नस संदेश नेत नाही, असं असेल तर बाळ या चाचणीत पास होतं. अशा बाळांना बेरा, म्हणजे नस संदेश नेते का हे पाहणारी चाचणी, हवीच.

बेरासाठी मूल गाढ झोपलेलं लागतं, म्हणून आईला सांगतात, रात्री जागवा, सकाळी झोपू देऊ नका. कसारा लोकलच्या झुल्यात ते मूल आसनगाव सोडायच्या आत झोपतं आणि ठाण्याच्या फलाटावर टक्क जागं होतं. अकराची वेळ वाया जाते, नवी तारीख महिन्यापुढची मिळते. लांबून येणाऱ्यांना दुपारची वेळ, झोपवायला शेजारी एक शांत, अंधारी खोली, आणि त्या दिवशी नाहीच झोपलं तर त्याच आठवड्यातली दुसरी वेळ. एवढ्यावर बरंच भागेल. यातल्या बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही.

आता सल्ल्यांबद्दल. ‘मुलगे उशिराच बोलतात’, ‘याचा बापही चौथ्या वर्षी बोलला’ हे घरात म्हणतात तोवर समजू शकतं. दवाखान्यात तेच ऐकवलं जातं तेव्हा मुलाचं वर्ष जातं. नवव्या महिन्यात नावाला वळणं, सव्वा वर्षाच्या सुमारास बोट दाखवून मागणं, दीड वर्षात काही शब्द, दोन वर्षांत दोन शब्द जोडणं, यातली एखादीही गोष्ट नसेल तर थांबायचं नाही. जिभेची तार कापल्यानं न बोलणारं मूल बोलू लागत नाही. शिट्ट्या आणि मेणबत्त्या फुंकण्याचा व्यायाम वर्षभर करून घेणारे वर्ग आमच्याच क्षेत्रात आहेत. त्यानं फुंकर सुधारते, शब्द येत नाहीत.

‘घरी एकच भाषा बोला’ हा सल्लाही बंद व्हावा. दोन भाषांमुळे वाचा लांबत नाही. घरात कातकरी, आगरी किंवा भिवंडीत उर्दू-तेलुगू बोलणाऱ्या आईला पुस्तकी मराठीत बोलायला लावलं की ती बोलायचीच कमी होते, आणि मुलाच्या कानावर पडणारे शब्द आटतात. तीच गोष्ट चित्रफलकाची. सेरेब्रल पाल्सीच्या मुलाला पाणी, भूक, शी-शू, दुखतंय, नको, अजून अशी सहा चित्रं पुठ्ठ्यावर लावून दिली तर ‘मग बोलणारच नाही’ ही भीती निराधार आहे. फलकानं बोलणं अडत नाही, बऱ्याच मुलांत उलट सुरू होतं. मात्र मुलाची बैठक आधी नीट हवी : पाठीला आधार, पावलं टेकलेली. लोंबकळत्या पायांच्या मुलाची सगळी ताकद तोल सांभाळण्यात जाते, चित्राकडे हात जात नाही.

कागदांच्या बाबतीत एकच. थेरपीसाठी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मागू नये, अशा स्पष्ट लेखी सूचना निघाव्यात. दिव्यांगांसाठीच्या निरामय आरोग्य विम्यासारख्या योजनांना प्रमाणपत्र लागतं, ते ठीक. पण दोन वर्षांच्या मुलाचं निदान पक्कं व्हायला वेळ लागतो आणि थेरपी त्याआधीच सुरू व्हायला हवी. भारत सरकारच्या २०२३ च्या अंगणवाडीतील दिव्यांग मुलांसाठीच्या कार्यपद्धतीत सेविकेनं लवकर ओळखावं, कुटुंबाला बळ द्यावं आणि पुढे पाठवावं, हे आहेच. पुढे पाठवलेल्या जागी माणूस हवा. अकरा महिन्यांच्या करारावरचा थेरपिस्ट मूल सरावतं तोवर बदलतो, आणि नव्या माणसाशी त्या मुलाची ओळख पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. ही पदं नियमित करणं वित्त विभागाला आज जमणार नसेल, तर करार निदान तीन वर्षांचे करावेत.

आणि खासगी बालवाड्या. नवी मुंबईच्या नोडांमधली, म्हणजे वसाहतींमधली, असंख्य मुलं अंगणवाडीत जातच नाहीत, त्यामुळे पथकाची गाडी त्यांच्या दारात थांबत नाही. लसीकरणाच्या दिवशी, नऊ आणि अठरा महिन्यांना, सरकारी असो वा खासगी, प्रत्येक दवाखान्यात विकासाचे प्रश्न विचारणं बंधनकारक करता येईल. १६ ते ३० महिन्यांसाठीची, ऑटिझमची शक्यता हेरणारी एम-चॅट-आर ही २० प्रश्नांची प्रश्नावली त्यात बसते. फक्त ती फॉर्म भरल्यासारखी वाचू नये. ‘बोट दाखवतो का?’ म्हटलं की आई ‘हो’ म्हणते. ‘विमान गेलं तर तुम्हांला काय करून दाखवतो?’ असं विचारलं की खरं उत्तर मिळतं.

पथकाच्या येत्या फेरीआधी ठाणे जिल्ह्यातून एकच यादी मागवावी : गेल्या वर्षी वाचा व विकासाच्या कारणानं संदर्भित झालेली मुलं, पहिल्या सत्राची तारीख, आणि तीन महिन्यांनंतरच्या सत्राची तारीख. जिथं दुसऱ्या तारखेचा रकाना कोरा, तिथं सेविकेला घरी पाठवावं आणि कारण एका ओळीत लिहून घ्यावं.

आपले,
ठाणे व नवी मुंबईत लहान मुलांसोबत काम करणारे वाचा-भाषा थेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट व विशेष शिक्षक