एक्स-रे ‘नॉर्मल’, पाय मात्र दुखतोच

महोदय,

पावसाळ्यात उखडलेल्या पेव्हर ब्लॉकवर आपल्याकडे बरीच पत्रं येतात. हे पत्र पडल्यानंतर काय होतं, त्याविषयी आहे.

नौपाड्यात माझं पोळीभाजी केंद्र आहे, सगळं काम उभ्यानं. काही वर्षांपूर्वी गोखले रोडवर ब्लॉकच्या फटीत चपलेचं टोक अडकलं, टाच वर राहिली आणि मी पुढे आपटले. पाय टम्म सुजला. दुसऱ्या दिवशी तळव्याला मधोमध काळंनिळं झालं. दवाखान्यात टेबलावर झोपवून एक्स-रे काढला. ‘फ्रॅक्चर नाही, मुरगळलाय.’ क्रेप बँडेज, गोळ्या, आराम. (आराम! सकाळचे डबे कोण भरणार?) शेजारच्या आजींनी आंबेहळदीचा लेप लावून दिला. सूज उतरली, दुखणं उतरलं नाही.

दुखतं ते घोट्यात नाही. पायाच्या वरच्या बाजूला, बोटांच्या मुळांपासून थोडं मागे. चवड्यावर भार आला की कळ येते. ठाणे स्टेशनबाहेरच्या सॅटिस पुलाचा जिना मी कठडा धरून उतरते आणि मागून ‘चला ना काकू’ ऐकते. जो तो नवं तेल सुचवतो. एक्स-रे नॉर्मल म्हटल्यावर घरच्यांनाही बाईच्या दुखण्याचं कौतुक राहत नाही.

अखेर एका हाडांच्या डॉक्टरांनी मला दोन्ही पायांवर उभं करून एक्स-रे काढायला लावला. दुखऱ्या पायात अंगठ्याच्या आणि शेजारच्या बोटाच्या लांब हाडांमध्ये फट स्पष्ट दिसली. चांगल्या पायात ती नव्हती. हाडं बांधून ठेवणारा लिगामेंट तेव्हाच तुटला होता. झोपून काढलेल्या एक्स-रेत पायावर भार नसतो, त्यामुळे हाडं जागच्या जागी दिसतात. या दुखापतीला लिसफ्रँक म्हणतात. पूर्वी घोड्यावरून पडताना रिकिबीत पाय अडकलेल्या स्वारांना ती व्हायची, असं डॉक्टर म्हणाले. आम्हाला घोडा लागला नाही, फुटपाथ पुरला.

वेळीच कळलं असतं तर प्लास्टर किंवा स्क्रू घालून हाडं जागेवर बसवता आली असती. आता सांधा झिजलाय, पायाची कमान बसलीय. कडक तळाचे बूट आणि आत इनसोल घालून तव्यापुढे उभी राहते. त्यानं भागलं नाही, तर सांधा जखडून टाकायचं ऑपरेशन.

उभं राहून एक्स-रे काढायला वेगळं मशीन लागत नाही. महापालिकेच्या आणि खासगी दवाखान्यांनी पाय मुरगळून आलेल्या माणसाचा तळवा उलटून बघावा. तिथे काळंनिळं असेल किंवा चार पावलंही टाकता येत नसतील, तर ‘फ्रॅक्चर नाही’ एवढ्यावर घरी धाडू नये. ताज्या सुजेत उभं राहता येत नसेल, तर आठ-दहा दिवसांनी पुन्हा बोलवावं आणि चिठ्ठीवर ‘उभं राहून, दोन्ही पाय’ असं स्पष्ट लिहावं.

– एक पोळीभाजी केंद्रचालिका, नौपाडा, ठाणे (प.)